बोट हलतंय, पण कंडरा सरकतेय का? मांज्याने कापलेल्या एका बोटाचे सात महिने

"बोट हलतंय ना? मग काळजी नाही."

१४ जानेवारी २०२५ च्या रात्री वडोदऱ्यातल्या एका छोट्या दवाखान्यात ताईंना असं सांगून कातडीला पाच टाके घातले गेले. ते सांगणारा डॉक्टर कोण, दवाखाना कोणता, याला इथे महत्त्व नाही, कारण तीच चूक पुढच्या तीन आठवड्यांत मी वेगळ्या रूपात केली. मी हाताची फिजिओथेरपी करते. कापलेल्या कंडरा (बोटं ओढणारे दोर), मोडलेली बोटं, भाजलेले पंजे हेच माझं रोजचं काम. तरीही हलणारं बोट बघून माझीही फसगत झाली. ताईंच्या परवानगीने हे प्रकरण लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तारखा आणि मापं फाइलमधली आहेत.

ताई ३८ वर्षांच्या, दांडिया बाजारात सासूबाई, नवरा आणि दोन मुलं यांच्यासोबत राहतात. घरून डबे देतात, म्हणजे रोज शंभर-सव्वाशे पोळ्या. उजव्या हाताने काम करणाऱ्या. संक्रांतीच्या संध्याकाळी तिळगूळ घेऊन निजामपुऱ्याला भावाकडे निघाल्या होत्या. फतेगंजच्या पुलावर समोरून काहीतरी चमकलं आणि गळ्याशी दोरा लागला. डावा हात आपोआप वर गेला, दोरा बोटांत आला, आणि स्कूटर थांबेपर्यंत चार-सहा फूट पुढे गेलेली. तेवढ्यात तर्जनी कापली गेली आणि मधल्या बोटात पार खोलवर घाव झाला होता. सुती दोऱ्याला काच आणि खळ पाजून केलेला मांजा निदान ताणला की तुटतो तरी. नायलॉनचा तुटत नाही, तो लांबतो आणि कापत जातो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये त्यावर देशभर बंदी घातली, पण फिरक्यांमध्ये तो अजून निघतो. इथे उत्तरायणानंतरचे दोन आठवडे हाताच्या वॉर्डात काय असतं ते आम्हाला विचारा.

आता "बोट हलतंय" चा अर्थ काय, ते आधी सांगते. मराठीत आपण सगळ्यालाच नस म्हणतो. रक्त वाहतं ती नस, संवेदना नेते ती नस, बोट ओढते तीही नस. पेशंट "नस तुटली" म्हणतो तेव्हा या तिघींपैकी कोणती, हे आपल्याला शोधावं लागतं. बोट ओढणारी ती कंडरा. ती स्नायू नाही. स्नायू वर, कोपराखाली असतो आणि कंडरा म्हणजे त्या स्नायूचा दोर. प्रत्येक बोटाला वाकवणारे असे दोन दोर आहेत. खोल असलेला अगदी टोकाच्या हाडापर्यंत जातो आणि शेवटचं पेर वाकवतो. त्याच्यावर असलेला मधल्या पेरापर्यंत जाऊन थांबतो. पण बोट तळहाताला जिथे जोडलेलं आहे, ते मुळाच्या सांध्याचं वाकणं या दोघांशिवायही होतं, कारण ते तळहातातल्या छोट्या स्नायूंचंही काम आहे. ताईंचे दोन्ही दोर कापलेले असताना मुळाशी बोट छान वाकत होतं. दिव्याच्या उजेडात, रक्ताने माखलेल्या हातात, ते "हलणं" पुरेसं वाटलं.

खरं तर तपासायला अर्धं मिनिट लागतं. पेशंटला हात अगदी सैल सोडायला सांगायचं. निरोगी पंजा सैल सोडला की बोटं एकापेक्षा एक थोडी जास्त वाकलेली दिसतात, तर्जनी सर्वात कमी, करंगळी सर्वात जास्त. ज्या बोटाची कंडरा कापली आहे ते या ओळीतून बाहेर येऊन सरळ पडलेलं असतं. मग मधला सांधा आपण धरून ठेवायचा आणि शेवटचं पेर एकट्याने वाकवायला सांगायचं. बस्स. ताईंना दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, दुधाची पिशवी उचलताना स्वतःलाच कळलं. चार बोटं पिशवीभोवती गेली, मधलं बोट काठीसारखं उभं राहिलं.

१६ जानेवारीला हाताच्या सर्जनकडे ऑपरेशन झालं. घाव मधल्या बोटाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पेरांच्या सांध्याजवळ, म्हणजे हाताच्या नकाशात झोन दोन, जिथे दोन्ही कंडरा एकाच अरुंद नळीतून जातात. दोरा मुठीत धरलेला असताना बोट वाकलेलं होतं, त्यामुळे सरळ केल्यावर कंडरेचा कापलेला भाग कातडीच्या जखमेखाली नव्हता, पुढे सरकला होता. म्हणून चीर नागमोडी करून वाढवावी लागली. खोल कंडरा चार पदरी धाग्याने जोडली, कडांवर बारीक धाग्याची शिवण, वरच्या कंडरेची एक फांदी जोडली आणि दुसरी काढून टाकली, म्हणजे नळीत गर्दी कमी. अंगठ्याकडच्या बाजूची संवेदनेची नसही जोडली. तर्जनीची कंडरा साधारण ३० टक्के कापलेली होती, ती न शिवता कडा साफ करून सोडली. हे सगळं फक्त हात बधिर करून, ताई जाग्या असताना. टाके पूर्ण झाल्यावर सर्जनने त्यांना टेबलावरच बोट वाकवायला आणि सरळ करायला सांगितलं, आणि जोडात फट पडत नाही, पुलीत (कंडरेला हाडाशी धरून ठेवणाऱ्या कड्यांत) अडकत नाही, हे डोळ्यांनी बघितलं. मला मिळालेल्या चिठ्ठीत एक ओळ होती: जोड मजबूत आहे, लवकर हलवायला हरकत नाही. थेरपिस्टला याहून चांगली चिठ्ठी मिळत नाही.

झोन दोनची भीती जुनी आहे. अमेरिकन सर्जन स्टर्लिंग बनेल यांच्या काळापासून या जागेला 'नो मॅन्स लॅण्ड' म्हणत. इथे कंडरा लगेच जोडू नका, नंतर दुसरीकडची कंडरा आणून बसवा, असा सल्ला असे, कारण जोडलेली कंडरा हमखास चिकटायची. १९६७ मध्ये हॅरॉल्ड क्लायनर्ट यांनी लगेच जोडून, रबर बँडच्या ओढीने लवकर हालचाल करून चांगले निकाल मांडले. नंतर १९७५ मध्ये ड्युरान आणि हाउझर यांनी दाखवलं की कंडरा नळीत ३ ते ५ मिलिमीटर सरकली तरी चिकटणं रोखायला पुरतं. गेल्या पन्नास वर्षांतले बहुतेक सगळे वाद याच काही मिलिमीटरांवरचे आहेत: ते कसे मिळवायचे, किती लवकर, कोणाच्या ताकदीने.

ताई माझ्याकडे पहिल्यांदा आल्या २० जानेवारीला, ऑपरेशननंतर चौथ्या दिवशी. पहिले दोन-तीन दिवस मुद्दामच सोडतात. त्या वेळी बोट सुजलेलं असतं आणि सुजलेल्या बोटाला वाकवायला कितीतरी जास्त जोर लागतो. तो जोर टाक्यांवर येतो. पाचव्या दिवसाच्या पुढे ढकललं तर मात्र चिकटायला सुरुवात झालेली असते. दारं उघडतात ती एवढ्याच फटीत.

मी गरम पाण्यात थर्मोप्लास्टिक मऊ करून हाताच्या पाठीवर बसेल असा स्प्लिंट केला. मनगट जवळजवळ सरळ, मुळाचे सांधे ४० अंश वाकलेले, पुढचे दोन्ही सांधे मात्र स्प्लिंटच्या छताला टेकून पूर्ण सरळ होतील असे. स्प्लिंटचं काम बोट अडकवणं नाही, बोट चुकून जास्त सरळ होऊन टाके ताणू नयेत एवढंच. वाकायला मोकळीक आहे. मग सांगितलं: जागेपणी दर तासाला, आधी उजव्या हाताने डावं बोट दहा वेळा वाकवून तळहाताकडे न्या, मग स्वतःच्या जोरावर छतापर्यंत सरळ करा, मग स्वतःच्या जोरावर हलकेच वाकवा, पहिल्या आठवड्यात मुठीच्या एक तृतीयांश, पुढे निम्म्यापर्यंत. आणि एक सूचना मी सगळ्यांना देते: "मूठ वळायची, आवळायची नाही." तिळगुळाचा लाडू वळताना जेवढा जोर, तेवढा.

सोबत आलेल्या सासूबाईंनी (त्यांना सगळे आजी म्हणतात) सरळ विचारलं, "टाके ओले असताना हलवायचं? हाड मोडलं तर प्लास्टर घालतात, हलवत नाहीत." प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याचं उत्तर देताना मी नेहमी घाई करते. त्या दिवशीही केली. इथे सावकाश देते.

कंडरा दोन वाटांनी भरून येते. एक वाट आतली. कंडरेच्या स्वतःच्या पेशी, तिच्या भोवतीच्या चिकट द्रवातून पोषण घेऊन, कापलेली दोन टोकं सांधतात. दुसरी वाट बाहेरची. भोवतालच्या नळीतून, जखमेतल्या रक्तातून पेशी धावून येतात आणि जाळं विणतात. हे जाळं जोड पक्का करतं हे खरं, पण ते जोडावरच थांबत नाही, कंडरेला नळीच्या भिंतीशीही बांधून टाकतं. पहिल्या आठवड्यात सूज आणि साफसफाई, त्यानंतर चार-सहा आठवडे हे विणकाम, आणि पुढे कित्येक महिने विणलेल्या धाग्यांची पुनर्रचना. बोट अगदी स्थिर ठेवलं तर बाहेरची वाट जिंकते. कंडरा थोडी थोडी सरकत राहिली तर भिंतीशी पडू पाहणारे धागे लांबतात, सैल राहतात, आणि आतल्या वाटेला वेळ मिळतो. सरकवलेली कंडरा बिनहललेल्या कंडरेपेक्षा जास्त मजबूतही होते. हाडाला सरकायचं नसतं, म्हणून त्याला प्लास्टर चालतं. कंडरेचं कामच सरकणं.

पण जोर जास्त झाला तर जोड तुटतो. पहिल्या तीन आठवड्यांत धोका सर्वात जास्त, आणि चांगल्या हातांतही शंभरात चार-पाच जोड तुटतात असं मानलं जातं. म्हणजे एका बाजूला चिकटणं आणि दुसऱ्या बाजूला तुटणं, आणि मधली वाट फक्त काही मिलिमीटर रुंद. दर तासाला.

आता माझी चूक. २३ जानेवारी, २७ जानेवारी आणि ३० जानेवारी अशा तीन वेळा ताई आल्या. ३० तारखेला टाके निघाले. तिन्ही वेळा मी विचारलं, "व्यायाम करता ना?" तिन्ही वेळा त्या म्हणाल्या, "हो मॅडम, दर तासाला. आजी आठवण करतात." आणि समोर करून दाखवलं. बोट खाली गेलं, वर आलं, दहा वेळा. ड्रेसिंगचा फुगारा होता, मी समोरून बघत होते, बाहेर मांज्याचे अजून तीन पेशंट बसलेले होते. वहीत लिहिलं: व्यायाम नियमित, सूज कमी.

६ फेब्रुवारीला, ऑपरेशननंतर बरोबर तीन आठवड्यांनी, गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) लावून प्रत्येक सांधा मोजला. पहिल्यांदाच. बाहेरून मी वाकवलं तर मधला सांधा ८५ अंश आणि शेवटचा ४५ अंश वाकत होता. ताईंनी स्वतः वाकवलं तर मधला ३५ आणि शेवटचा ५. शिवाय मधला सांधा पूर्ण सरळ होत नव्हता, २० अंश कमी पडत होता. बाहेरून वाकतं आणि स्वतःहून वाकत नाही, म्हणजे सांधा मोकळा आहे आणि दोर भिंतीला धरला गेला आहे. चिकटण्याची याहून स्पष्ट खूण नाही.

मग बाजूने बघितलं. ताई बोट वाकवत होत्या ते मुळाशी. मधली आणि शेवटची पेरं काठीसारखी ताठ, आणि अख्खं बोट मुळाच्या बिजागरीवर खाली-वर. दर तासाला दहा वेळा, सतरा दिवस, अत्यंत निष्ठेने. मुळाशी वाकवताना कंडरा या घावाच्या ठिकाणी नळीत जवळजवळ सरकतच नाही. मधला सांधा १० अंश वाकला की खोल कंडरा मिलिमीटरभराहून थोडी अधिक सरकते. त्यांच्याकडे ते अंशच होत नव्हते. म्हणजे पहिल्या रात्री डॉक्टरला फसवणाऱ्या त्याच हालचालीने मला सतरा दिवस फसवलं.

भीती हे एक कारण होतं. ताईंना टोकाकडून वाकवताना आत ओढ जाणवायची आणि वाटायचं टाका निघाला. मुळाशी वाकवताना काहीच वाटत नसे, म्हणून ती हालचाल त्यांनी "बरोबर" मानली. दुसरं कारण मी दिलेला कागद. त्यावर गुजराती-हिंदीत "उंगली मोडो", म्हणजे बोट वाकवा, एवढंच होतं. कुठून वाकवायचं, ते नव्हतं.

त्या दिवशी मी आजींना आणि ताईंना बसवून पुन्हा समजावलं, आणि या वेळी परकराच्या नेफ्याने. नेफा म्हणजे नळी, नाडी म्हणजे कंडरा. नाडीला मध्ये गाठ मारून जोडलेली आहे, गाठ जाड आहे. आता शिंपिणीने चुकून दोन टाके नेफ्यातून नाडीलाही घातले, तर ओढल्यावर काय होईल? आजी म्हणाल्या, "कापड गोळा होईल, नाडी यायची नाही." बरोबर. आणि नाडी ढकलून पुढे जाते का? "छे, पिन लावून ओढावी लागते. ढकलली की आत मुडपते." तीच गोष्ट. उजव्या हाताने डावं बोट वाकवणं म्हणजे नाडी ढकलणं. सांधा वाकतो, पण सुजलेल्या बोटात कंडरा सरकण्याऐवजी आत मुडपून बसू शकते. स्वतःच्या स्नायूने वाकवणं म्हणजे पिन लावून ओढणं. सांधा मोकळा राहावा म्हणून पहिलं हवं, पण कंडरा खरी सरकते दुसऱ्याने. आजींनी तेवढ्यात विचारलं, "मग नुसती ओढायचीच ना?" नाही, कारण गाठ अजून ओली आहे. हे त्यांना पटलं. मला वाटतं त्या दिवसापासून थेरपिस्ट मी नव्हते, आजी होत्या.

उपाय साधा होता. व्यायामाच्या वेळेपुरता स्प्लिंटच्या आत पहिल्या पेरावरून एक वेल्क्रो पट्टी लावली. त्यामुळे मुळाचा सांधा वाकूच शकत नव्हता, आणि जोर लावला की वाकायला मधला आणि शेवटचा सांधाच उरत होता. सूचना बदलली: "टोकाने सुरुवात करा, मूळ शेवटी." मधला सांधा सरळ होण्यासाठी पहिल्या पेराच्या मागे स्पंजची छोटी पाचर ठेवली. मूळ थोडं जास्त वाकलं की पुढचे सांधे सरळ होणं सोपं जातं. आणि एक निर्णय घ्यावा लागला, जो सांगितला की नवीन विद्यार्थी दचकतात. ताईंचा व्यायाम मी वाढवला. सामान्य वेळापत्रकानुसार जे सहाव्या आठवड्यात द्यायचं ते चौथ्यात दिलं.

उलटं वाटतं, पण तर्क पक्का आहे. ज्याची कंडरा लोण्यासारखी सरकते, त्याच्या जोडाभोवती बाहेरचं जाळं कमी, म्हणजे तोच जोड जास्त नाजूक, त्यालाच जास्त जपायचं. ज्याची चिकटली आहे त्याच्या जोडाला त्या जाळ्याचाच आधार आहे, तिथे थोडा जोर वाढवता येतो. स्वतः वाकवणं आणि बाहेरून वाकवणं यात पाच अंशांहून जास्त फरक दिसला तर चिकटण्याचा संशय घ्यायचा, आणि पुढच्या भेटीत तो फरक पुरेसा कमी झाला नाही तर एक पायरी वर जायचं. ताईंच्या बाबतीत फरक होता ५० आणि ४० अंशांचा. संशयाला जागाच नव्हती.

मग बाहेरून मूठ वळून दिली की ताईंनी ती तशीच हलक्या जोराने धरून ठेवायची. मग आकडा करायचा, बादलीची कडी धरतो तसा, मूळ सरळ आणि पुढची दोन पेरं वाकलेली. या आकड्यात वरची आणि खोल अशा दोन्ही कंडरा एकमेकींवर सर्वात जास्त घसरतात, आणि या दोघी एकमेकींनाही चिकटतात हे लोक विसरतात. मग पूर्ण मूठ, जिच्यात खोल कंडरा सर्वात लांबवर सरकते. व्रणावर सिलिकॉन जेल आणि अंगठ्याने गोल मालिश. (आजींनी आणलेलं तेल मी नको म्हटलं नाही. तेल लावून कंडरा सुटत नाही, पण मालिश करणारे हात रोज पाच मिनिटं व्रणावर फिरतात, ते मला हवंच होतं.)

याच सुमारास ताईंनी विचारलं की अनामिकाही नीट का बंद होत नाही, तिला तर लागलंच नव्हतं. मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांच्या खोल कंडरांचा स्नायू एकत्र असतो. एक दोर भिंतीला अडकला की बाकीचे दोन पुरते ओढले जात नाहीत. एकाच जुवाला जुंपलेल्या बैलांपैकी एक बसला, तर दुसरा कितीही तगडा असला तरी तिथेच.

२६ फेब्रुवारीला महाशिवरात्र होती, दुसऱ्या दिवशी सहा आठवडे पूर्ण. स्प्लिंट दिवसा काढला. मधला सांधा स्वतः ६० अंश, शेवटचा १५, सरळ होण्यात २५ ची कमतरता. मूठ वाढत होती पण सरळपणा बिघडत होता, म्हणून रात्री सरळ ठेवणारा वेगळा स्प्लिंट सुरू केला. घरकामाची पायरी म्हणून फुलवाती वळायला सांगितल्या. बोटांची टोकं, अगदी कमी जोर, आणि काम संपलं की समोर देवासमोर लावता येईल असं काहीतरी. रबरी चेंडू दाबण्यापेक्षा हे मला नेहमीच बरं वाटतं. चेंडू सगळे फार लवकर दाबायला लागतात, आणि दाबणं म्हणजे आवळणं.

८ मार्चला दुपारी ताईंचा फोन, आवाज थरथरत होता. ओला टॉवेल पिळताना बोटात "कट्" असा आवाज झाला. टॉवेल पिळायची परवानगी नव्हती, पण ते राहू द्या. माझ्याही पोटात गोळा आला. जोड तुटला तर पुन्हा ऑपरेशन, आणि सातव्या आठवड्यात ते पहिल्यासारखं सोपं नसतं. ताबडतोब बोलावलं, मधला सांधा धरून शेवटचं पेर वाकवायला सांगितलं. वाकलं. आणि नुसतं वाकलं नाही, आदल्या भेटीपेक्षा जास्त वाकलं. सोनोग्राफीत कंडरा अखंड होती. तुटलं होतं ते भिंतीशी बांधणारं जाळं, निदान त्यातला एक पदर. हे चांगलं झालं असं मी ताईंना सांगितलं नाही. दुसऱ्या कोणाच्या बाबतीत त्याच टॉवेलने कंडराच तुटली असती, आणि "पिळलं की सुटतं" ही बातमी दांडिया बाजारात पसरायला एक हळदीकुंकू पुरतं.

होळीच्या सुमारास, आठव्या आठवड्यात, मऊ कणीक. गुढीपाडव्याला, ३० मार्चला, ताईंनी अडीच महिन्यांनी पहिल्यांदा लाटणं हातात घेतलं. १० एप्रिलला बारा आठवडे झाले तेव्हा मधला सांधा ८५, शेवटचा ३०, सरळ होण्यातली कमतरता १५. हाताच्या कामात याला एक जुनं सूत्र लावतात, स्ट्रिकलँडचं. दोन्ही सांध्यांचं स्वतःचं वाकणं मिळवायचं, सरळ न होणारे अंश वजा करायचे, आणि निरोगी बोटाच्या १७५ अंशांशी टक्केवारी काढायची. १०० भागिले १७५, म्हणजे ५७ टक्के. मूळ कोष्टकात ५० ते ६९ ला 'मध्यम' म्हणतात. तीन आठवड्यांनी हाच आकडा ११ टक्के होता.

सर्जनने चिकटलेली कंडरा सोडवण्याच्या ऑपरेशनबद्दल विचारणा केली, पण घाई केली नाही. जोड पक्का होऊन, व्रण मऊ होऊन, सुधारणा खरंच थांबल्याशिवाय ते करत नाहीत. आणि त्यानंतर पुन्हा पहिल्या दिवसापासून हीच कसरत, त्याच भीतीसह. शिवाय ज्या पेशंटला पहिल्या वेळी व्यायाम जमला नाही त्याला दुसऱ्या वेळी का जमेल, हा प्रश्न विचारावाच लागतो. ताईंच्या बाबतीत उत्तर सोपं होतं: त्यांना व्यायाम जमला नव्हता असं नाही, मी तो बघितला नव्हता. तरीही थांबून बघायचं ठरलं.

संवेदनेची नस तिच्या गतीने आली. जोडलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर पुढे सरकते, म्हणून घावापासून टोकापर्यंतचं अंतर बघता तीन महिने तरी धरावे लागतात. एप्रिलच्या शेवटी ताईंना बोटाच्या टोकाला तव्याची धग जाणवली. तोपर्यंत त्या बोटावर दोनदा फोड आला होता, दोन्ही वेळा त्यांना तो दिसल्यावरच कळला. हे आधी सांगायचं राहून जातं. बोट वाकायला लागलं की घरातले सगळे खूश असतात, आणि बधिर टोक गरम तव्यावर टेकतं.

१७ जुलैला, सहा महिन्यांनी, मधला सांधा ९५, शेवटचा ४०, कमतरता १०. १२५ भागिले १७५, ७१ टक्के. कोष्टकात 'चांगलं', काठावर का होईना. मूठ बंद केल्यावर टोक तळहातापासून दीड सेंटिमीटर दूर राहतं. अनामिका आता पूर्ण बंद होते. ताईंनी दुसरं ऑपरेशन नको म्हटलं. "पोळ्या होतात, पातेलं धरता येतं. दीड सेंटिमीटरसाठी परत तीन महिने डबे बंद नाही ठेवता येणार." मला पटलं. डबे बंद होते त्या काळात निम्मी गिऱ्हाइकं गेली होती, त्यातली सगळी अजून परत आलेली नाहीत.

दहा अंश सरळ होत नाही म्हणून लाटताना डाव्या मधल्या बोटाखाली लाटणं किंचित उचललं जातं. त्या बाजूची पोळी जाड राहते असं त्या म्हणतात. मी खाऊन बघितली, मला फरक कळला नाही, त्यांना कळतो. ऑगस्टच्या शेवटी गणपतीत उकडीचे मोदक मात्र आजींनीच केले. पारी डाव्या हातात पेलून कळ्या पाडताना मधल्या बोटाच्या टोकाला उकड कितपत पातळ झाली ते अजून नीट समजत नाही.

माझ्या बाजूला दोन गोष्टी बदलल्या. कंडरेचा पेशंट आला की मी पहिल्याच दिवशी नातेवाइकाच्या मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढायला लावते, आणि दुसऱ्या दिवशी घरून तसाच एक मागवते. आणि सातव्या दिवसापासून प्रत्येक भेटीत मुळाचा, मधला आणि शेवटचा असे तिन्ही सांधे वेगवेगळे मोजते, ड्रेसिंग कितीही फुगलेलं असो आणि बाहेर कितीही रांग असो. कागदावर आता "उंगली मोडो" नाही. बाजूने काढलेल्या बोटाचं चित्र आहे, शेवटच्या पेरावर बाण, आणि मराठी-गुजराती दोन्हीत एकच ओळ: टोकाने सुरू करा.